जुने खेळणे, नवे खेळणे : पारख कशी करावी?

'जुने ते सोने' ही म्हण आपण सर्वांनी ऐकलेली आहे. 'नवे ते हवे' हे वचनही बाजारातून हिंडताना आपल्या कानी पडते. या दोन्ही वचनांत एक मोठी सोय आहे. ती एकदा उच्चारली म्हणजे वस्तू हाती घेऊन नीट पाहण्याचे श्रम वाचतात. आजोबा म्हणतात, 'असे खेळणे आता होत नाही.' नातू म्हणतो, 'असे खेळणे तेव्हा होत नव्हते.' दोघांचेही म्हणणे खरे असते, परंतु दोघांपैकी एकानेही पारख केलेली नसते. पारख म्हणजे दोन वस्तू शेजारी ठेवून त्यांत कोणता फरक आहे, तो का झाला आणि त्यापासून कोणाचे भले झाले, याचा शांतपणे केलेला विचार होय.

हा विषय वरवर पाहता पोरखेळाचा वाटेल. परंतु तो आपल्या मुलखाचा विषय आहे. आपले बेज्जूर २०१६ सालापर्यंत ज्या आदिलाबाद जिल्ह्यात होते, त्याच जिल्ह्यात लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध असलेले निर्मल गाव होते. त्या वर्षी जिल्ह्याचे विभाजन झाले. बेज्जूर कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आले व निर्मल स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे झाले. सरकारी सीमा बदलल्या, तरी निर्मलची खेळणी ही आपल्या जुन्या जिल्ह्याची ठेव आहे, आणि तिच्या नव्या-जुन्याचा निवाडा करण्याचा अधिकार जसा आपला, तशी जबाबदारीही आपली आहे.

तीन हक्कदार

कोणत्याही खेळण्यावर तिघांचा हक्क असतो. पहिला हक्क खेळणाऱ्याच्या हाताचा. दुसरा, ते फळीवर मांडून पाहणाऱ्याच्या डोळ्याचा. तिसरा, ते घडविणाऱ्याच्या पोटाचा. जुन्या खेळण्यात बदल होऊन त्याची नवी आवृत्ती निघते, तेव्हा तो बदल या तिघांपैकी कोणासाठी तरी झालेला असतो. म्हणून 'नवे चांगले की जुने?' असा एकच ढोबळ प्रश्न विचारू नये. प्रत्येक बदल सुटा करून घ्यावा आणि त्याला विचारावे : तू कोणासाठी आलास? आणि तुझ्या येण्याने दुसऱ्या दोघांचे काय झाले? आमच्या मते खेळण्याच्या पारखीची सारी रीत या दोन प्रश्नांत सामावलेली आहे.

परदेशातील एक उदाहरण

ही रीत स्पष्ट व्हावी म्हणून प्रथम दूरचे उदाहरण घेऊ. अमेरिकेत हॅस्ब्रो नावाच्या कंपनीने १९६४ साली 'जी. आय. जो' नावाचा खेळण्यातील सैनिक बाजारात आणला. त्याची उंची १२ इंच, म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटर होती, व त्याला खऱ्या कापडाचा गणवेश असे. 'बाहुली' म्हटले तर मुलगे ती घेणार नाहीत, या भयाने कंपनीने त्याला 'ॲक्शन फिगर', म्हणजे हालचाल करणारी आकृती, असे नवे नाव दिले. पुढे त्याचे उत्पादन थांबले आणि १९८२ साली तोच सैनिक अवघ्या पावणेचार इंचांचा होऊन परत आला. कापडी कपडे गेले व गणवेश अंगाबरोबरच साच्यातून निघू लागला.

या लहान सैनिकाचा हात खांद्यात व कोपरात हालत असे, पण दंडात स्वतःभोवती फिरत नसे. त्यामुळे बंदूक छातीसमोर आडवी धरून तिला दोन्ही हात लावणे त्याला साधत नव्हते. दुसऱ्याच वर्षी, १९८३ साली, कंपनीने त्याच सैनिकांची सुधारलेली आवृत्ती काढली. तिच्यात कोपराच्या वर एक फिरता सांधा बसविला होता. चेहरा तोच, कपडे तेच; बदलला तो एक सांधा.

आता निवाडा करा. खेळणाऱ्या मुलाच्या दृष्टीने ही सुधारणा निर्विवाद होय, कारण सैनिकाला सैनिकाचे काम करता येऊ लागले. उलट, अशा आकृत्यांचा संग्रह करणारी माणसे १९८२ च्या ताठ हाताच्या सैनिकाला विशेष जपतात, कारण तो पहिला आहे व त्याच वर्षापुरता आहे. एकाच सांध्यावर दोन निकाल लागले, आणि दोन्ही बरोबर आहेत. हाताचा निकाल वेगळा व डोळ्याचा निकाल वेगळा, एवढेच त्याचे मर्म आहे. गोव्यात कारखाना असलेल्या फनस्कूल कंपनीने पुढे हेच सैनिक हॅस्ब्रोच्या साच्यांतून आपल्या देशात तयार केले. त्यांतील काहींचे रंग मूळ सैनिकांहून निराळे होते, आणि आज परदेशांतील संग्राहक ते निराळे भारतीय नमुने हौसेने मिळवितात. ज्या मुलांनी ते मातीत लोळविले, त्यांना या गोष्टीची कल्पनाही नव्हती.

निर्मलचे खेळणे कसे घडते

आता घरी येऊ. निर्मलच्या खेळण्यांची कला सतराव्या शतकापासून चालत आली असे परंपरा सांगते, आणि गावाचे नाव निम्मा नायडू या स्थानिक सत्ताधीशाशी जोडले जाते. ही कला करणाऱ्यांस 'नकाशी' म्हणतात. 'नक्काश', म्हणजे नक्षी काढणारा, या शब्दाचेच ते रूप होय. १९५५ साली या कारागिरांची सहकारी संस्था स्थापन झाली. २००९ साली निर्मलच्या खेळण्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. याचा अर्थ असा की, दुसरीकडे केलेली वस्तू 'निर्मलची' म्हणून विकण्यास कायद्याने मनाई आहे.

खेळण्याचे लाकूड पोनिकी नावाच्या झाडाचे असते. ते पांढरट, मऊ व वजनाला अतिशय हलके असते. ते वाळवून त्याचे तुकडे पाडतात. प्राण्याचे धड, पाय, शिंगे, कान असे भाग निरनिराळे कोरतात आणि चिंचोक्यांची खळ व लाकडाचा भुसा यांच्या लगद्याने सांधतात. त्याच लगद्याने फटी बुजवून अंगाला गोलाई देतात. त्यावर पांढऱ्या मातीचा हात फिरवून वाळल्यावर घासून गुळगुळीत करतात, आणि शेवटी रंग चढवितात. हरणे, हत्ती, पक्षी, तशीच फळे व भाज्या हे निर्मलचे नेहमीचे विषय होत. येथील फळ उत्तम साधले म्हणजे लाकडाचे आहे हे उचलल्यावाचून कळत नाही.

या सर्व क्रमात सर्वांत मोठा बदल झाला आहे तो रंगांत. पूर्वी कारागीर वनस्पती व खनिजे यांपासून रंग स्वतः तयार करीत. पुढे डब्यातून मिळणारे तयार तैलरंग व चकाकते एनॅमल रंग आले. जुने खेळणे व नवे खेळणे शेजारी ठेवले तर आपल्या डोळ्यांस प्रथम हाच फरक दिसतो. तेव्हा या बदलास आपले प्रश्न विचारून पाहू.

रंगाची तपासणी

डोळ्याला नवा रंग अधिक भडक व अधिक सारखा दिसतो. जुन्या रंगाची छटा मंद असते व ती एका वस्तूहून दुसऱ्या वस्तूत थोडी बदलते. यांपैकी काय आवडावे हा ज्याच्या त्याच्या रुचीचा प्रश्न आहे, आणि रुचीवरून भांडण करण्यात अर्थ नाही.

पोटाच्या बाजूने पाहता तयार रंगाचा लाभ उघड आहे. रंग कुटण्या-गाळण्यात जाणारा वेळ वाचतो, ओल्या हाताने वस्तू पुसता येते, माल दूरच्या शहरांत पाठविता येतो. ज्याच्या घरची चूल या खेळण्यांवर पेटते, त्याने हा लाभ घेतला म्हणून त्यास दोष देणे फार सोपे आहे. आपण स्वतः मात्र वीस रुपये स्वस्त मिळते म्हणून दुसऱ्या दुकानात जातो, हे त्या वेळी आपण विसरतो.

आता राहिला हाताचा प्रश्न, आणि लहान मुलाच्या बाबतीत हाताबरोबर तोंडाचाही. येथे अनेकांचा असा समज असतो की, जुना रंग 'नैसर्गिक' म्हणून निर्धोक आणि नवा 'रासायनिक' म्हणून घातक. हा समज तपासून घेतला पाहिजे. आपल्या देशातील जुन्या चित्रकलेत पिवळ्या रंगासाठी हरताळ, तांबड्यासाठी हिंगूळ व नारिंगीसाठी शेंदूर ही द्रव्ये वापरात असत. हरताळात आर्सेनिक, हिंगुळात पारा व शेंदरात शिसे असते. तिन्ही विषे होत. म्हणजे 'खनिज रंग' एवढ्या शब्दाने मुलाच्या आरोग्याची हमी मिळत नाही. उलट, तयार रंगांतही शिसे पुष्कळ वर्षे वापरले जाई. शिशाने लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते, हे कळल्यावर भारत सरकारने २०१६ साली नियम केला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून घरगुती व शोभेच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक असू नये, असे बंधन घातले. तेव्हा रंगाची पारख तो जुना की नवा यावरून होत नाही. तो कशाचा केला आहे यावरून होते.

येथे आणखी एक गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवावी. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात खेळण्यांवर मानक चिन्ह असणे सक्तीचे झाले. मात्र नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या व भौगोलिक मानांकन असलेल्या खेळण्यांना या सक्तीतून सूट देण्यात आली. लहान कारागिरास तपासणीचा खर्च पेलणे अवघड असल्यामुळे ही सूट योग्यच आहे. परंतु चिन्ह नाही, म्हणजे चौकशीचे काम आपल्यावर आले. विकत घेताना 'हा रंग कोणता?' असे विचारणे हा कारागिराचा अपमान नव्हे. चांगला कारागीर या प्रश्नाचे उत्तर आनंदाने देईल, आणि असा प्रश्न वारंवार येऊ लागला तर रंग निवडताना तो त्याला आठवेलही.

मागे वळून पुढे जाणे

नव्याचा अर्थ नेहमी डब्यातला रंग असाच होतो असे नाही. आंध्र प्रदेशात एटिकोप्पाका नावाचे गाव आहे. तेथे कातीवर लाकूड कातून त्यावर लाखेचा रंग चढवून खेळणी करतात. तेथेही कृत्रिम रंग आले होते. सी. व्ही. राजू यांनी वनस्पतिजन्य रंगांची विसरत चाललेली कृती पुन्हा शोधून कारागिरांच्या हाती दिली, व या कार्याबद्दल २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या गावची खेळणी आज नवीही आहेत आणि जुनीही. यावरून असे दिसते की, जुनी पद्धत केवळ जुनी म्हणून मरत नाही. तिला गिऱ्हाईक व अभ्यासू माणूस मिळाला तर ती नव्याने उभी राहते.

लाकडाची तपासणी

रंगाचा फरक सर्वांना दिसतो. लाकडाचा फरक मात्र वरून रंगाखाली झाकला जातो, आणि खरा धोका तेथेच आहे. पोनिकीचे लाकूड मिळणे दिवसेंदिवस कठीण होत गेले आहे. हे काम करणारी कुटुंबेही आज थोडकीच उरली आहेत. हा प्रश्न एकट्या निर्मलचा नाही. महाराष्ट्रात सावंतवाडीची लाकडी खेळणी प्रसिद्ध आहेत व त्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तेथे पूर्वी पांगाऱ्याचे हलके लाकूड वापरीत. आता आंब्यासारख्या इतर लाकडांचाही उपयोग होतो.

लाकूड बदलले तर बिघडले काय, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, लाकूड बदलले म्हणजे हत्यार बदलते, वजन बदलते आणि हळूहळू आकारही बदलतो. पोनिकी मऊ आहे म्हणूनच हरणाचा बारीक कान लहानशा हत्याराने कोरता येतो. ती हलकी आहे म्हणूनच लहान मूल लाकडी हत्ती एका हाताने उचलते व तो पायावर पडला तरी इजा होत नाही. जड लाकडाचा हत्ती फळीवर तितकाच सुंदर दिसेल, पण तो मुलाच्या हातातून उतरून फळीवर जाईल. असा बदल डोळ्याला कळत नाही; तो हातालाच कळतो. म्हणून खेळणे पारखताना ते उचलून पाहावे.

रंग एक वेळ पुन्हा जुना करता येईल. झाड मात्र एका पावसाळ्यात उभे राहत नाही. जंगलाशेजारी राहणाऱ्या आपणांस हे कोणी शिकवावयास नको. निर्मलच्या खेळण्यांचे जुने-नवेपण पुढेही चर्चिले जावे असे वाटत असेल, तर पोनिकीची रोपे लागली पाहिजेत व ती जगली पाहिजेत. एरवी जुनी खेळणी संग्रहालयात राहतील आणि त्यांच्याशी तुलना करावयास नवी असणार नाहीत.

उशेगावची पितळी मूर्ती

आपल्या आजच्या जिल्ह्यातच जैनूर मंडळातील उशेगाव येथे ओझा कारागीर पितळेच्या वस्तू ओततात. त्यांच्या 'आदिलाबाद डोकरा' या कलेस २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यांची रीत अशी : मातीच्या गाभ्यावर मेणाच्या तारांनी आकृती रचावयाची, त्यावर मातीचे लेप द्यावयाचे, उष्णतेने मेण वितळवून काढावयाचे, व त्याच्या रिकाम्या जागी वितळलेले पितळ ओतावयाचे. थंड झाल्यावर साचा फोडावा लागतो. साचा फुटला म्हणजे तीच मूर्ती पुन्हा होत नाही. दुसरी करावयाची तर पुन्हा मेणापासून आरंभ.

वरील सैनिकाशी याची तुलना करा. त्याच्या एका साच्यातून हजारो सैनिक निघतात, म्हणून तेथे 'पहिली आवृत्ती' व 'सुधारलेली आवृत्ती' असे नेमके बोट ठेवता येते. उशेगावची प्रत्येक मूर्ती हीच एक आवृत्ती असते. तेथे जुन्या-नव्याची तुलना करताना 'हुबेहूब आहे का?' हा प्रश्नच चुकीचा ठरतो. गोंड कुटुंबांची देवकार्ये व दागिने यांसाठी हे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या ओतकाम करीत आले. आज ते शहरातील दिवाणखान्यांसाठी मोर, हत्ती व दिवेही करतात. विषय बदलला, गिऱ्हाईक बदलले. मात्र मेणाची तार तशीच बारीक व अखंड बसते का, हे पाहावे. तशी बसत असेल तर कला जिवंत आहे असे निःशंकपणे म्हणावे.

आपण काय करावे

पारख वाचून येत नाही, ती करून येते. श्रावणी अमावास्येला आपण पोळा साजरा करतो. प्राणहितेपलीकडे विदर्भात दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. मुले चाकांचे लाकडी नंदीबैल ओढीत घरोघर नेतात व बोजारा मिळवितात. ही प्रथा नागपूरचे दुसरे रघूजी भोसले यांनी १८०६ साली सुरू केली असे सांगतात. आपल्या किंवा नातलगांच्या घरी असा एखादा जुना बैल असेल. त्याच्या शेजारी बाजारातून आणलेला नवा बैल ठेवा आणि पुढील क्रमाने पाहा.

प्रथम दोन्ही एकाच उजेडात व एकाच पातळीवर ठेवावेत, कारण जुना अंधाऱ्या कोनाड्यात व नवा उन्हात ठेवला तर निकाल उजेडाचा लागतो. नंतर दोन्ही उचलून वजन अजमावावे. मग चाकांवर ओढून पाहावे : सरळ जातो का, वळताना कलंडतो का? त्यानंतर सांधे पाहावेत : खिळा आहे की खुंटी आहे की केवळ चिकटविले आहे? मोडले तर गावातील सुतार दुरुस्त करू शकेल का? रंगाची चौकशी करावी. शेवटी प्रत्येक फरकापुढे एका वहीत लिहावे : हा बदल हातासाठी, डोळ्यासाठी की पोटासाठी? घरातील वडीलधाऱ्यांस विचारून जुन्या बैलाचे लाकूड कोणते व तो कोणी घडविला, हेही टिपून ठेवावे. ही माहिती आज त्यांच्या स्मरणात आहे. उद्या ती मिळेलच असे नाही.

अशी वही भरली म्हणजे आपणांस दिसून येईल की, जुना बैल सर्व बाबतींत सरस नाही व नवाही सर्व बाबतींत उणा नाही. एखादा बदल मुलाच्या सोयीचा निघेल, एखादा केवळ दुकानातील झगमगाटासाठी, आणि एखादा कारागिराला दुसरा इलाज नव्हता म्हणून झालेला असेल. पहिल्याचे स्वागत करावे. दुसऱ्यापासून सावध राहावे. तिसऱ्यापुढे मात्र थोडे थांबावे, कारण तेथे दोष देण्यापेक्षा मदत करणे अधिक उपयोगी असते, आणि ती मदत कित्येकदा योग्य किंमत देऊन एक खेळणे विकत घेण्याइतकी साधी असते.